टेलिफोन एक्सचेंजच्या इमारती: मुंबई ते करकंब

टेलिफोन एक्सचेंजची इमारत कोठे उभी राहणार, हे तांब्याच्या तारेने ठरवले. प्रत्येक फोनपासून एक्सचेंजपर्यंत तारेची एक स्वतंत्र जोडी न्यावी लागते. जोडी जितकी लांब तितका आवाज क्षीण आणि तांब्याचा खर्च जास्त. साधारण पाच किलोमीटरच्या पुढे साध्या जोडीवर नीट बोलणे अवघड होत जाते. म्हणून अभियंते नकाशावर ग्राहकांची वस्ती मांडत, सगळ्या तारांची एकूण लांबी जेथे कमीत कमी भरेल असा बिंदू काढत आणि त्याच्या आसपास जागा मिळते का ते पाहत. फोन आधी व्यापाऱ्यांकडे, डॉक्टरांकडे आणि सरकारी कचेऱ्यांत येत असल्यामुळे हा बिंदू बहुतेक वेळा भर बाजारात निघे. शहरात मुख्य पेठ, तालुक्याच्या गावात कचेरी-पोस्टाचा परिसर, खेड्यात बाजाराची वाट, अशाच ठिकाणी एक्सचेंज सापडते ते यामुळे.

मुंबईहून पुणे, दौंड, टेंभुर्णी असे करत सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबला जाणाऱ्या रस्त्यावर या इमारतींच्या इतिहासाचे बहुतेक टप्पे ओळीने लागतात. करकंबला मी याच रस्त्याने गेलो, आणि पुढची मांडणीही त्याच क्रमाने आहे.

जगातले पहिले व्यापारी एक्सचेंज २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवन येथे सुरू झाले. ग्राहक होते २१. त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, कलकत्त्यात भारतातले एक्सचेंज औपचारिकपणे उघडले गेले. त्या वेळी कलकत्त्याच्या मध्यवर्ती एक्सचेंजला ९३ ग्राहक होते. ओरिएंटल टेलिफोन कंपनीला १८८१ मध्ये परवाना मिळाला होता आणि कलकत्त्याबरोबरच मुंबई आणि मद्रास या शहरांतही सेवा सुरू झाली. मुंबईचा कारभार पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीकडे राहिला. १९४३ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, तेव्हा शहरातली एक्सचेंजे या नव्या कंपनीकडे गेली.

सुरुवातीच्या काळात तारा डोक्यावरून येत, त्यामुळे इमारतीचा महत्त्वाचा भाग म्हणजे तिचे छप्पर. शेकडो तारा एका जागी उतरवायच्या तर वर भक्कम लोखंडी सांगाडा लागे. स्टॉकहोममध्ये १८८७ साली यासाठी एक्सचेंजवर मोठा मनोराच बांधला होता. तारा जमिनीखाली गेल्यावर त्याचे काम संपले. १९५२ मध्ये त्याला आग लागली आणि पुढच्या वर्षी तो पाडला गेला. भुयारी केबल आल्यावर एक्सचेंजचे महत्त्व छपरावरून तळघरात उतरले.

छप्पर आणि तळघर यांच्या मधला मजला ऑपरेटरांचा. लांबलचक दालन, भिंतीशी स्विचबोर्डांची रांग आणि समोर उंच स्टुलांवर कानाला हेडफोन लावून बसलेल्या स्त्रिया. भारतातल्या मोठ्या शहरांत या कामावर अँग्लो-इंडियन तरुणी बऱ्याच संख्येने असत. ग्राहकाने फोन उचलला की बोर्डावर छोटा दिवा लागे. ऑपरेटर कॉर्डचे एक टोक त्या भोकात खुपसून नंबर विचारी आणि दुसरे टोक हव्या त्या नंबराच्या भोकात घाली. काम चोवीस तासांचे, पाळ्यांचे आणि सतत बोलण्याचे. इमारतीत विश्रांतीची खोली, उपाहारगृह आणि मोठ्या खिडक्या ठेवलेल्या असत, कारण तिथले मुख्य यंत्र म्हणजे माणूस होता.

माणसाच्या जागी यंत्र आणण्याची कल्पना कॅन्सस सिटीतल्या आल्मन स्ट्रॉजर नावाच्या गृहस्थांची. त्यांचा व्यवसाय अंत्यविधीचे साहित्य आणि व्यवस्था पुरवण्याचा. त्यांच्या स्वयंचलित स्विचला १८९१ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्यावर चालणारे एक्सचेंज उघडले. भारतात पहिले स्वयंचलित एक्सचेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसले, कारण उन्हाळ्यात सरकारच तिथे जात असे. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात मिळून सुमारे ८० हजार टेलिफोन होते. १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि स्ट्रॉजर पद्धतीची यंत्रे देशातच बनू लागली.

स्ट्रॉजर स्विच जवळून पाहिला की एक्सचेंजच्या इमारती अशा का बांधल्या याचा उलगडा होतो. मध्ये एक उभा दांडा, त्याला तारांचे बारीक हात आणि पाठीमागे अर्धगोलात बसवलेल्या संपर्कबिंदूंच्या दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा बिंदू. ग्राहकाने ४ फिरवला की तारेतून चार ठोके येतात आणि दांडा टकटक करत चार पायऱ्या वर चढतो. पुढे ७ फिरवला की तो आडवा वळून सातव्या बिंदूवर थांबतो. एका नंबरासाठी असे अनेक स्विच एकामागोमाग काम करत. हजारो स्विच लोखंडी रॅकांवर छताजवळपर्यंत रचलेले असत. सकाळी अकराच्या सुमारास, बाजार तेजीत असताना, स्विच रूममध्ये पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज चाले.

या यंत्राला हवे होते उंच छत, जाड स्लॅब आणि धूळ नसलेली हवा. संपर्कबिंदूवर धुळीचा कण बसला की कॉल चुकत असे. म्हणून खिडक्या बंद ठेवल्या गेल्या आणि स्विच रूममध्ये चपला बाहेर काढूनच जायचे हा नियम झाला. तळघरात केबल चेंबर, त्यावर मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेम (एमडीएफ), त्यावर स्विच रूम, बाजूला पॉवर रूम आणि जनरेटर अशी रचना ठरून गेली. बॅटरीची खोली वेगळी असे, कारण उघड्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या वाफेने भिंती आणि लोखंड खराब होई. सारे एक्सचेंज या बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टवर चाले आणि गावाची वीज गेली तरी फोन चालू राहण्याचे कारणही त्याच. बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असे. त्यामुळे ओलाव्यात तांब्याची तार गंजण्याचे प्रमाण कमी राहते.

दक्षिण मुंबईतून वरळी, प्रभादेवीमार्गे बाहेर पडताना या जातीच्या इमारती अजूनही ओळखू येतात. दर्शनी भाग सरळ, सज्जे कमी, खिडक्या अरुंद, मजल्यांची उंची शेजारच्या घरांपेक्षा जास्त. प्रभादेवीच्या टेलिफोन हाउससारख्या इमारतींत कचेऱ्याही मोठ्या प्रमाणावर आल्या. स्ट्रॉजरनंतर क्रॉसबार पद्धतीची आणि १९८० च्या दशकात फ्रेंच बनावटीची ई-१० बी ही डिजिटल एक्सचेंजे आली. त्यांच्या निर्मितीचा कारखाना उत्तर प्रदेशात मनकापूरला निघाला. डिजिटल यंत्राला हलणारे भाग नसत, पण वातानुकूलन मात्र अनिवार्य झाले. त्याच वेळी ज्या लाइनींसाठी पूर्वी अख्खा मजला लागे त्या काही कपाटांत बसू लागल्या. मजले रिकामे होण्याची सुरुवात मोबाइल येण्याच्या बरीच आधी झाली ती अशी.

पुण्यात बाजीराव रोडवरचे एक्सचेंज तांब्याच्या त्या जुन्या हिशोबाचे चांगले उदाहरण आहे. पेठांतली घरे, मंडई, शाळा आणि पुस्तकांची दुकाने या सगळ्यांच्या तारा तिथे पोचायला जवळ. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागल्यावर मात्र विषय स्थानिक फोनचा राहत नाही, ट्रंक कॉलचा, म्हणजे लांबच्या कॉलचा, होतो. दौंडचे नाव या इतिहासात येते ते आंतरराष्ट्रीय बिनतारी संदेशवहनामुळे. १९२७ मध्ये इंग्लंडशी बीम पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण खडकीहून होई आणि संदेश दौंडच्या केंद्रात घेतले जात. १९३३ मध्ये मुंबई-लंडन रेडिओ-टेलिफोन सुरू झाला. पुढे याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ आर्वी येथे, १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि परदेशी कॉलचा रस्ता आकाशातून गेला.

देशांतर्गत लांबचा कॉल मात्र अनेक वर्षे ट्रंक ऑपरेटरच्या हाती होता. कॉल बुक करायचा आणि वाट पाहायची. ऑर्डिनरीपेक्षा अर्जंट महाग आणि लाइटनिंग त्याहून कितीतरी महाग. ठरावीक माणूस फोनवर आला तरच पूर्ण पैसे लागावेत यासाठी ‘पीपी’ कॉल. बोलणे रंगात आले की मध्येच ऑपरेटरचा आवाज येई, ‘तीन मिनिटं झाली.’ करकंबच्या व्यापाऱ्याला मुंबईशी बोलायचे तर गावचे एक्सचेंज, तालुका, जिल्हा आणि मग मुंबई अशा पायऱ्यांनी लाइन जोडली जाई आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी माणूस बसलेला असे. ग्राहकाने स्वतः डायल करून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ आणि कानपूर यांच्यात प्रथम सुरू झाली. ती गावोगाव पोचायला आणखी दोन-तीन दशके गेली.

भिगवण, इंदापूर मागे टाकून टेंभुर्णीला सोलापूर महामार्ग सोडला की रस्ता पंढरपूरकडे वळतो. उजनीच्या पाण्याने हा पट्टा उसाचा आणि द्राक्षांचा झाला आहे. टेंभुर्णी आणि पंढरपूर यांच्या दरम्यान या रस्त्यावरच करकंब लागते. पंढरपूर तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव आहे. अशा गावांच्या टेलिफोनचा इतिहास शहरी इतिहासाची लहान प्रत नाही; तिथल्या इमारतीची घडणच वेगळी झाली.

डाक आणि तार ही १९८५ पर्यंत एकाच खात्याची कामे होती. त्यामुळे लहान गावांतले एक्सचेंज अनेकदा पोस्टाच्याच एखाद्या खोलीत किंवा भाड्याच्या घरात असे. बोर्ड मॅग्नेटो जातीचा. ग्राहकाकडच्या फोनला बाजूला दांडी असे, ती गरगर फिरवली की एक्सचेंजमधल्या बोर्डावर त्या नंबराची छोटी झडप खाली पडे आणि घंटी वाजे. बोलण्यासाठी लागणारी वीज फोनजवळच्याच कोरड्या बॅटरीतून मिळे, म्हणून एक्सचेंजला मोठी बॅटरी-खोली लागत नसे. नंबर दोन आकडी असत आणि बरेच लोक नंबराऐवजी नावच सांगत. ऑपरेटरला कोण गावाला गेले आहे, डॉक्टर या वेळी कोणत्या वस्तीवर आहेत, अडतदुकान कधी उघडते हे ठाऊक असे. लाइन जोडताना ही माहितीही दिली जाई. शहरातल्या स्ट्रॉजरला हे जमणारे नव्हते.

अशा गावांना स्वयंचलित एक्सचेंज देण्यात खरी अडचण इमारतीची होती. डिजिटल यंत्र परदेशातून आणले तर त्याला वातानुकूलित खोली हवी आणि गावात वीज भारनियमनाची. १९८४ च्या ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली ती या अडचणीवर थेट उपाय काढण्यासाठी. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेला ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये अशी मर्यादा घालून दिली होती. तिने बनवलेले १२८ पोर्टचे ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज, म्हणजे रॅक्स, उन्हाळ्यातही वातानुकूलनाशिवाय चाले आणि साध्या कपाटाएवढ्या जागेत मावे. त्यातले पहिले १९८६ च्या जुलैमध्ये बेळगाव जिल्ह्यात कित्तूरला सुरू झाले. राणी चन्नम्मांचे कित्तूर ते हेच. पुढे २५६ पोर्टची आणि त्याहून मोठी यंत्रे आली, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एक्सचेंज म्हणजे दोन-तीन खोल्यांची बैठी इमारत, हे चित्र पक्के झाले.

या बैठ्या इमारतीचा नमुना सोलापूर जिल्ह्यात सगळीकडे सारखाच दिसतो: सपाट स्लॅब, तारेचे कुंपण, लोखंडी फाटक, एका अंगाला डिझेल जनरेटरची शेड आणि मागे जाळीदार उंच टॉवर. आत तीन गोष्टी असतात: यंत्राचे कपाट, बॅटऱ्या आणि एमडीएफ. यंत्र बदलत गेले, बॅटऱ्या बदलत गेल्या, पण इमारतीची ओळख एमडीएफनेच राहिली.

एमडीएफ म्हणजे लोखंडी चौकट. तिच्या एका बाजूला गावातून आलेली केबल फुटते, दुसऱ्या बाजूला यंत्राच्या लाइनी येतात आणि मधून जंपर तारा एकेका घराला एकेका नंबराशी जोडतात. केबलमधल्या जोड्या रंगांवरून ओळखायच्या. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि राखाडी हे पाच रंग एका बाजूला. पांढरा, लाल, काळा, पिवळा आणि जांभळा हे पाच दुसऱ्या बाजूला. पांढरा-निळा ही पहिली जोडी, पांढरा-नारिंगी दुसरी, आणि असे करत जांभळा-राखाडी ही पंचविसावी. जुन्या लाइनमनला यासाठी कागद लागत नसे. फोन ‘डेड’ असल्याची तक्रार आली की तो आधी एमडीएफवर टेस्ट फोन लावून डायल टोन पाही. टोन मिळाला तर बिघाड बाहेर, रस्त्याकडेच्या पिलरमध्ये किंवा खांबावरच्या डीपीत, म्हणजे जोडणीच्या डब्यात. केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली असते. जोड मारून परत आलेल्या लाइनमनच्या हातांना ती चिकटलेली असे.

गावचे एक्सचेंज तालुक्याशी जोडले की गाव देशाच्या नंबर-व्यवस्थेत आले. सोलापूर शहराचा एसटीडी कोड ०२१७. जिल्ह्यातल्या तालुक्यांना ०२१८१ पासून ०२१८९ पर्यंतचे कोड मिळाले: करमाळा ०२१८२, बार्शी ०२१८४, सांगोला ०२१८७. पंढरपूरचा ०२१८६, आणि करकंब त्याच कोडात. हा कोड कॉलचा दर ठरवणारी हद्दही होती. एकाच कोडातले बोलणे स्वस्त, बाहेरचे महाग. या हिशोबावरच पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओंचा धंदा उभा राहिला. रात्री उशिरा दर उतरत, तेव्हा बूथसमोर रांग लागे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात सुखरूप पोचल्याचा निरोप घरी देणाऱ्या वारकऱ्यांनाही याच बूथांचा आधार असे.

२००० च्या ऑक्टोबरमध्ये दूरसंचार खात्याचा कारभार भारत संचार निगमकडे गेला आणि त्याबरोबर मुंबई-दिल्ली वगळता देशभरातल्या एक्सचेंज-इमारतीही. त्यानंतरच्या बदलांची गती मोठी होती. २००२ मध्ये निगमची मोबाइल सेवा सुरू झाली. ग्रामीण भागात तिच्यासाठी नवी जागा शोधावी लागली नाही. एक्सचेंजच्या आवारात टॉवर होताच, बॅटऱ्या होत्या, जनरेटर होता आणि तालुक्याशी जोडणारी केबलही होती. मोबाइलचे यंत्र त्याच खोलीत बसले. ज्या सेवेने घरगुती फोन संपवत आणला तिलाही आसरा एक्सचेंजनेच दिला.

तांब्याच्या जोड्या मात्र झपाट्याने कमी झाल्या. रस्ता रुंदीकरणात तुटलेली केबल पुन्हा जोडण्याइतके ग्राहक उरले नाहीत, ठिकठिकाणी तांब्याची चोरी झाली आणि पुढे खराब केबल भंगारात निघाली. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. रंगांवरून जोडी ओळखणारी पिढी त्या दिवशी मोठ्या प्रमाणावर घरी गेली. अनेक लहान एक्सचेंजांत त्यानंतर कायम हजर राहणारे कोणी उरले नाही.

मोठ्या शहरांतल्या इमारतींचे दुखणे वेगळे आहे. मजले रिकामे, देखभालीचा खर्च चालू आणि जागा शहराच्या सर्वांत महाग भागात. २२ जुलै २०१९ रोजी वांद्रे येथील महानगर टेलिफोन निगमच्या नऊ मजली इमारतीला आग लागली, तेव्हा गच्चीवर आणि मजल्यांवर अडकलेल्या ८० हून अधिक लोकांना अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवले. मोठी वर्दळ असलेल्या जुन्या एक्सचेंज-इमारतींच्या सुरक्षेचा प्रश्न त्या दिवशी सर्वांसमोर आला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने दोन्ही निगमांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. तिच्यात जमिनी आणि इमारती विकून किंवा भाड्याने देऊन पैसा उभा करण्याची तरतूद होती. परदेशांत अशा इमारतींना दुसरे आयुष्य मिळाल्याची उदाहरणे आहेत. क्योतोचे मध्यवर्ती टेलिफोन कार्यालय १९२६ मधले, तेत्सुरो योशिदा या वास्तुकाराचे. आज तिथे दुकाने आणि हॉटेल आहे. माद्रिदमधल्या टेलिफोन कंपनीच्या जुन्या मुख्यालयाचा काही भाग प्रदर्शनांसाठी खुला आहे. न्यूयॉर्कमध्ये तारसेवेसाठी १९३० मध्ये बांधलेली ६० हडसन स्ट्रीट ही इमारत आता इंटरनेट कंपन्यांच्या जोडण्यांचे केंद्र आहे. याउलट न्यू हेवनची ती पहिल्या एक्सचेंजची इमारत १९७३ मध्ये पाडली गेली.

करकंबसारख्या गावात प्रश्न हॉटेलचा किंवा संग्रहालयाचा नाही. तिथल्या बैठ्या इमारतीचे मोल आत येणाऱ्या केबलच्या वाटेत आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर टाकण्याचे ठरले. त्यासाठी आधीपासून असलेले फायबर आणि एक्सचेंज यांचाच पाया घेण्यात आला. ग्रामीण एक्सचेंजात आता भिंतीला लावलेले किंवा रॅकमध्ये बसवलेले ओएलटी नावाचे लहानसे यंत्र असते आणि त्यातून निघणारा एक काचेचा धागा अनेक घरांत विभागून जातो. घरापर्यंतची जोडणी बहुतेक ठिकाणी स्थानिक भागीदार करतो. तांब्याची पाच किलोमीटरची मर्यादा फायबरला नाही. वीस किलोमीटरपर्यंतची वस्तीही एका यंत्रावर चालते. म्हणजे गावोगाव एक्सचेंज असण्याचे मूळ कारण संपले आहे, तरी वीज, टॉवर आणि फायबर एकत्र येण्याची तयार जागा म्हणून ते वापरात राहते.

एक्सचेंजच्या इमारतीत या साऱ्या काळात तीन गोष्टी एकामागोमाग राहिल्या: आधी माणूस, मग यंत्र आणि आता केवळ केबलची गाठ. माणसासाठी आणि यंत्रासाठी जिथे जितकी मोठी इमारत बांधली, तिथे आज तितकी जास्त जागा रिकामी आहे. खेड्यातली इमारत उशिरा आणि लहान बांधली गेली म्हणून तिच्यात रिकामे होण्यासारखे फारसे नव्हते. शहरातल्या जुन्या एक्सचेंजांचे भवितव्य जमिनीचा भाव, वारसा यादीतली नोंद आणि अग्निसुरक्षेचे नियम ठरवतील. गावातल्या एक्सचेंजचे भवितव्य मात्र त्या आवारातून अजून किती घरांना सेवा मिळते, यावरच अवलंबून आहे.